आतून रॉकेल, बाहेरून खडू

"शेंडा कुठाय?"

मी मोबाइल गिअरबॉक्सच्या अगदी जवळ धरला होता. जर्मनीत लुडविग्सबुर्गजवळच्या गॅरेजात संध्याकाळचे सहा वाजले होते, कोल्हापुरात साडेनऊ. आण्णा जेवून पलंगावर बसले होते. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी स्क्रीन डोळ्यांशी नेला होता. मला वाटलं होतं, गाडी कितीची, जुनी कशाला घेतलीस, असं काहीतरी विचारतील. पण तडा दिसला आणि त्यांचं लक्ष बाकी कशातच उरलं नाही.

"शेंडा म्हणजे?"

"तडा संपतोय कुठं त्ये. डोळ्याला दिसतोय तिथं त्यो संपत नसतोय. फुडं गेल्याला असतोय."

आण्णांचा कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथचा छोटा कारखाना होता. पस्तीस वर्षं त्यांनी ओतीव वस्तू टर्न केल्या, बोअर केल्या, बुश मारून परत कामाला लावल्या. मी पुण्याला सीओईपीत मेटलर्जी शिकलो, मग नोकरीच्या मागे इकडे श्टुटगार्टच्या परिसरात आलो. धातूचा तडा म्हणजे काय, हे मी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलंय, त्यावर परीक्षा दिल्यात. तरी त्या संध्याकाळी मला शेंडा माहीत नव्हता.

गाडी १९७३ची फोल्क्सवागन-पोर्शे ९१४. पिवळी. छपराचा फायबरग्लासचा तुकडा काढून मागच्या डिकीत ठेवता येतो, आणि पुढेही एक डिकी आहे, कारण इंजिन दोन्हीकडे नाही. ते सीटच्या पाठीशी, गाडीच्या मध्यावर आहे. १९६९ साली फ्रँकफर्टच्या मोटार प्रदर्शनात ही गाडी पहिल्यांदा लोकांसमोर आली. चार सिलिंडरच्या गाड्या ओस्नाब्रुकला कारमानच्या कारखान्यात बनायच्या, इंजिन फोल्क्सवागनचं, माझ्या गाडीत १.७ लिटरचं, ८० अश्वशक्तीचं. १९७६पर्यंत एक लाख अठरा हजारांहून जास्त बनल्या. फोल्क्सवागनचं इंजिन म्हणून पोर्शेवाले बरीच वर्षं तिला आपली म्हणायला तयार नव्हते. मला मात्र तिच्यातली सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते ती तिचा गिअरबॉक्स, आणि तो अस्सल पोर्शेचा आहे. पोर्शेच्या सुरुवातीच्या ९११ गाडीतला ९०१ नावाचा पाच गिअरचा बॉक्स घेऊन तो इथे उलट्या दिशेनं बसवला. ९११मध्ये इंजिन मागे आणि गिअरबॉक्स त्याच्या पुढे असतो, ९१४मध्ये इंजिन पुढे आणि गिअरबॉक्स मागे. तोंड फिरवलं की चाकं उलटी फिरतील, म्हणून डिफरन्शियलचा, म्हणजे दोन्ही चाकांना जोर वाटून देणाऱ्या भागाचा, मोठा क्राउन गिअर दुसऱ्या अंगाला घेतला. पहिला गिअर डावीकडे खाली पडतो, दुसरा-तिसरा एका सरळ रेषेत, चौथा-पाचवा पुढच्या रेषेत. शर्यतीत पहिला गिअर एकदाच लागतो, दुसरा-तिसरा शंभर वेळा, म्हणून ही मांडणी. हात एकदा तिला सरावला की बाकीच्या गाड्या चुकीच्या वाटतात.

गाडी घेतली तेव्हा गिअरबॉक्सखाली तेलाचा ओलावा होता. पन्नास वर्षांच्या गाडीला एवढं चालतं, असं मी स्वतःला सांगितलं. दोन वर्षांनी ओलाव्याचे थेंब झाले आणि थेंबांचं जमिनीवर थाळीएवढं वर्तुळ झालं. इथे लिफ्ट तासावर भाड्यानं देणारी गॅरेजेस असतात. तिथे जाऊन इंजिन आणि गिअरबॉक्स एकत्रच खालून उतरवले, कारण या गाडीत ते तसेच उतरतात, आणि दोन्ही वेगळे केले. ब्रश आणि रॉकेलनं काळा चिखल धुतला तेव्हा खाली सगळा इतिहास निघाला.

इंजिन आणि गिअरबॉक्सला एकमेकांशी धरणारे जे बोल्ट असतात, त्यांतल्या खालच्या एका बोल्टाचा कान कधीतरी तुटलेला होता. कुणीतरी तो वेल्डिंग करून परत बसवला होता. त्या वेल्डिंगच्या बरोबर कडेनं नवा तडा निघाला होता, आणि तो बेल हौसिंगच्या, म्हणजे गिअरबॉक्सच्या इंजिनाकडल्या घंटेसारख्या तोंडाच्या, भिंतीतून डिफरन्शियलच्या खोलीकडे चढला होता. वरून राखाडी एपॉक्सीचा थर फासलेला. एपॉक्सी नखानं निघाली.

कान का तुटला असेल, हे त्याच्याकडे पाहून कळत होतं. गिअरबॉक्स इंजिनाला जोडताना त्याचा इनपुट शाफ्ट क्लचप्लेटच्या खाचांत शिरावा लागतो. खाचा जुळत नाहीत तोवर बोटभर फट राहते. घाईतला माणूस त्या फटीकडे बघतो, बोल्ट लावतो आणि पान्यानं आवळत जातो. बोल्टच दोघांना जवळ ओढून घेईल असं त्याला वाटतं. बोल्ट ओढतो. शाफ्ट अडलेला असतो, मग सगळा जोर एका कानावर येतो. आण्णांना हे सांगावं लागलं नाही. फोटो बघूनच म्हणाले, "बोल्टानं वढलंय कुणीतरी."

पहिल्या दुरुस्तीची चूक मात्र त्यांनाही फोनवरून दिसणं शक्य नव्हतं. मी केसच्या, म्हणजे गिअरबॉक्सच्या ओतीव पेटीच्या, आतल्या बाजूला एक जागा घासून चकचकीत केली आणि व्हिनेगरचा थेंब सोडला. थेंब फसफसला. मॅग्नेशियम. त्या जुन्या वेल्डिंगवर थेंब सोडला, तो तसाच गप्प बसला. ॲल्युमिनियम.

आमच्याकडे ॲल्युमिनियमच्या भांड्यांना अजूनही जर्मनची भांडी म्हणतात. आजीच्या स्वयंपाकघरात जर्मनचं पातेलं होतं. इथे जर्मनीत कुणीतरी पांढरा, हलका धातू पाहिला आणि त्याला जर्मन समजून जर्मनचीच वेल्डिंगची काडी वापरली. दिसायला दोन्ही भाऊ-भाऊ आहेत. मॅग्नेशियम ६५० अंशांना वितळतं, ॲल्युमिनियम ६६०ला. वजनाला मॅग्नेशियम आणखी एक तृतीयांश हलकं. अशा केसच्या मॅग्नेशियममध्ये थोडं ॲल्युमिनियम मिसळलेलंच असतं, पण ते पिठात मिठाएवढं. काडीच ॲल्युमिनियमची घेतली की हे प्रमाण बिघडतं. दोन्ही वितळून एकमेकांत मिसळतात, त्यांचं काचेसारखं ठिसूळ संयुग तयार होतं आणि जोडाच्या कडेला त्याची पट्टी बसते. वरून जोड भरदार दिसतो. त्या पट्टीत ताण सोसायची ताकद नसते. नवा तडा नेमका तिच्यातूनच गेला होता.

मॅग्नेशियमशी या देशाचं नातं जुनं आहे. फ्रँकफर्टजवळच्या ग्रीसहाइमच्या रासायनिक कारखान्यानं त्याचा मिश्रधातू तयार केला, त्याला इलेक्ट्रॉन हे नाव दिलं आणि १९०९ साली फ्रँकफर्टच्या विमान प्रदर्शनात मांडला. पुढे फेर्डिनांड पोर्शेच्या बीटलमध्ये इंजिनाची आणि गिअरबॉक्सची केस याच धातूची आली, आणि त्या बीटल दोन कोटींहून अधिक बनल्या. रस्त्यावरच्या साध्या माणसाच्या गाडीत इतकं मॅग्नेशियम दुसऱ्या कुणी वापरलं नसेल. याच धातूची दुसरी आठवण काळी आहे. ११ जून १९५५ला ल मान्सच्या शर्यतीत मर्सिडीजची ३०० एसएलआर गाडी कठड्यावर आदळून फुटली. तिचे तुकडे प्रेक्षकांत घुसले, ८०हून अधिक माणसं गेली. गाडीचं अंग इलेक्ट्रॉनचं होतं. ते पेटलं, विझवणाऱ्यांनी पाणी मारलं आणि आग आणखी भडकली. पेटलेलं मॅग्नेशियम पाण्यातला ऑक्सिजन ओढून घेतं आणि हायड्रोजन मोकळा करतं. त्यामुळे मॅग्नेशियम म्हटलं की इथले बहुतेक वेल्डर हात वर करतात. चार ठिकाणी विचारलं, चारही ठिकाणी नाही. दोघांनी सल्ला दिला की जुनी केस विकत घे, मिळते.

मिळते, हे खरं. मी एक दिवस त्याचा विचारही केला. पण केसमधला प्रत्येक बेअरिंगचा बोअर आणि डिफरन्शियलचे शिम, म्हणजे फट जुळवायच्या पातळ चकत्या, याच आतल्या गिअरांशी मोजून जुळवलेले असतात. दुसरी केस म्हणजे सगळं जुळवणं पहिल्यापासून. आणि खरं सांगायचं तर, आण्णांनी शेंडा विचारल्यावर ही केस टाकून देणं मला जमणार नव्हतं.

त्यांनी सांगितलं ते असं: केस तिरकी ठेव, तडा तळाला येऊ दे. आतून रॉकेल ओत. बाहेरून पुसून कोरडं कर आणि खडू घास. मग चहा पिऊन ये.

कॉलेजात आम्हाला डाय पेनिट्रंट शिकवलं होतं: लाल रंग फवारायचा, थांबायचं, पुसायचा, पांढरी पावडर मारायची, तड्यातला लाल रंग पावडरीवर उमटतो. रॉकेल आणि खडू हे त्याचंच पूर्वज आहेत. १९व्या शतकाच्या अखेरीस रेल्वेच्या कारखान्यांत डब्यांचे आस तपासायला तेल आणि चुनखडीची पूड वापरत. हे मी पुस्तकात वाचलं होतं, तरी वाचताना उद्यमनगर डोळ्यांसमोर आलं नव्हतं. लहानपणी मी ते रोज बघत होतो, आणि शिकून आल्यावर त्याला मनातल्या मनात जुगाड म्हणू लागलो होतो. तो शब्द मला आज फार बोचतो. जुगाड म्हणजे वेळ मारून नेणं. आण्णांच्या हाताखालून गेलेली वस्तू दहा वर्षं चालायची.

मी दोन्ही केलं. लाल रंगानं तडा वर कुठपर्यंत गेलाय ते दाखवलं: डोळ्याला दिसत होता चार सेंटिमीटर, निघाला साडेसहा, आणि शेवटी एका रिबच्या खाली वळून लपला होता. रॉकेलनं वेगळी गोष्ट सांगितली. खडूवर ओली रेघ फक्त मधल्या दोन सेंटिमीटरात उमटली. म्हणजे भिंतीतून आरपार गेलेला भाग तेवढाच, बाकीचा अजून वरवरचा होता. पृष्ठभागावर कुठपर्यंत आणि खोल किती, या दोन प्रश्नांची दोन वेगळी उत्तरं होती, आणि वेल्डिंगला बसण्याआधी दोन्ही हवी होती.

वेल्डर शेवटी सापडले ते पंचाहत्तरीचे. उमेदीची वर्षं विमानांच्या दुरुस्तीत गेलेली, आता घरामागच्या शेडमध्ये थोडंफार काम करतात. त्यांनी केस हातात घेऊन फिरवली, लाल रेघ बघितली आणि मान हलवली. "शेवट शोधलायत तुम्ही," एवढंच म्हणाले. शेडमध्ये कोरड्या वाळूच्या दोन बादल्या होत्या. पाण्याचा नळ त्यांनी मुद्दाम बाहेर ठेवला होता.

आधी त्यांनी तड्याच्या शेंड्याच्या जरा पुढे तीन मिलिमीटरचं भोक पाडलं. तड्याचं टोक टोकदार असतं तोवर सगळा ताण त्या टोकावर गोळा होतो. गोल भोकात शिरला की ताण पसरतो आणि तडा थांबतो. मग जुनं ॲल्युमिनियम पूर्ण कोरून काढलं. कोरताना कटर सावकाश फिरवत होते, चुरा कागदावर जमवून लगेच झाकणाच्या डब्यात. मॅग्नेशियमची बारीक धूळ एका ठिणगीनं पेटते. चांगला धातू दिसेपर्यंत कोरत गेले. मला वाटलं पुरे, ते आणखी दोन मिलिमीटर आत गेले.

त्यानंतर केस भट्टीत. पन्नास वर्षांचं तेल ओतीव धातूच्या बारीक छिद्रांत मुरलेलं असतं, ते आधी बाहेर यावं लागतं. दरवाजा उघडला तर जळक्या तेलाचा वास, आणि पृष्ठभागावर घाम फुटल्यासारखे तपकिरी ठिपके. पुसलं, पुन्हा तापवलं. तिसऱ्या वेळी ठिपके आले नाहीत. बेल हौसिंगचा सपाट चेहरा पोलादाच्या जाड पाटावर बोल्टांनी धरला, वेल्डिंगच्या उष्णतेनं तो वाकू नये म्हणून. बोल्ट मात्र नुसते हातानं लावले. मी कारण विचारायच्या आतच ते म्हणाले, मॅग्नेशियम पोलादाच्या दुपटीहून जास्त फुगतं. आवळलं तर तापताना ते स्वतःलाच चेपून घेईल.

दीडशे अंशांवर वेल्डिंग सुरू झालं. आपल्याकडे ज्याला आर्गन म्हणतात तेच, एसी करंटवर. एसीत करंटाची दिशा सतत उलटत राहते आणि अर्ध्या वेळात ती पृष्ठभागावरची ऑक्साइडची साय फोडते. काडी मॅग्नेशियमची. पहिली रेघ काळी पडली, बुडबुडे आले, पुरणावर येतात तसे. दाबाखाली ओतलेल्या कास्टिंगमध्ये वायू अडकलेला असतो, तो असा बाहेर येतो. त्यांनी ती सगळी रेघ कोरून टाकली. दुसरी अर्धी कोरून टाकली. तिसरी चांदीसारखी बसली. दोन सेंटिमीटर भरायचे, थांबायचे, थर्मामीटर लावायचे, पुन्हा दोन. हा धातू वितळण्याआधी लाल होत नाही, इशारा देत नाही. पांढरा असतो आणि एका क्षणात खाली गळून पडतो. त्यांचा डावा हात काडी पुढे सरकवत होता आणि मी श्वास धरून उभा होतो.

संध्याकाळी पाच वाजता काम झालं. त्यांनी केस सिरॅमिकच्या लोकरीत गुंडाळली, भट्टीत परत ठेवली, भट्टी बंद केली, दार लावलं. मी विचारलं, दोन तासांनी नेऊ का? दुसऱ्या दिवशी शनिवार होता, सकाळची लिफ्ट मी भाड्यानं घेऊन ठेवली होती.

"उद्या," ते म्हणाले. "दुपारी."

मी गाडीत बसलो आणि मला आमच्या गल्लीतला मेस्त्री आठवला. मी आठवी-नववीत असेन. गुऱ्हाळांचा हंगाम ऐन भरात होता. कागलकडचा एक शेतकरी चरकाचा बिडाचा गिअर घेऊन आला होता, त्याची आर तडकली होती. ऊस तोडून पडलेला, गुळव्या आणि माणसं बसून. मेस्त्रीनं विटांची चौकट रचली, कोळसे पेटवले, गिअर गडद लाल होईपर्यंत तापवला, मग टाकणखार लावून बिडाच्या काडीनं गॅसनं जोडला. जोडून झाल्यावर गिअर राखेच्या ढिगात पुरला. शेतकऱ्यानं विचारलं, कधी नेऊ? मेस्त्री म्हणाला, परवा. शेतकरी हातापाया पडला, जादा पैसे देतो म्हणाला, मग चिडला. मेस्त्रीनं विडी पेटवली आणि राखेच्या ढिगाशेजारी पाट टाकून बसला. त्या रात्री तो घरी गेला नाही. कुणी राख उकरून गिअर लवकर काढेल अशी त्याला भीती होती. बीड घाईनं गार झालं की जोडाशेजारचा भाग काचेसारखा कडक होतो आणि पहिल्या झटक्याला फुटतो. हे मला पाच वर्षांनी वर्गात फळ्यावर वक्ररेषा काढून शिकवलं. फळ्यावर मेस्त्रीचं नाव नव्हतं, पण ती त्याच्या राखेची वक्ररेषा होती.

लिफ्ट रद्द केली.

रविवारी बेल हौसिंगचा चेहरा सरफेस प्लेटवर, म्हणजे अगदी सपाट पाटावर, निळा रंग लावून तपासला. निळा सगळीकडे सारखा उमटला, फक्त दुरुस्त कानाजवळ पुसट होता. पाच शतांश मिलिमीटरची फीलर गेज तिथे आत गेली नाही. डिफरन्शियलच्या बेअरिंगचे बोअर मोजले, आधीच्या मापांशी जुळले. जोडावर एपॉक्सी प्रायमरचे दोन हात दिले. कानाच्या पोलादी बोल्टाखाली ॲल्युमिनियमचा वॉशर टाकला, कारण इथल्या हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, आणि खाऱ्या ओलाव्यात पोलाद मॅग्नेशियमला सरळ चिकटलं की मॅग्नेशियम पांढऱ्या पिठासारखं झडत जातं. मग केस तिरकी ठेवली, आतून रॉकेल, बाहेरून खडू, आणि रात्रभर तशीच सोडली.

सकाळी कामावर जाण्याआधी गॅरेजात गेलो. मग आण्णांना फोन लावला. ते दुपारच्या जेवणाला बसत होते.

"गार कसं केलंस?"

"भट्टीतच. रात्रभर, आणि वर अर्धा दिवस."

"खडू?"

मी कॅमेरा केसवर नेला. पांढरा, कोरडा, कालच्या बोटांचे ठसेही तसेच. ते बराच वेळ बघत राहिले. मागून आईचा आवाज आला, भात निवतोय. ते म्हणाले, "आता बसवताना बोल्टानं वढू नगंस."

पुढच्या शनिवारी इंजिन आणि गिअरबॉक्स जमिनीवर दोन जॅकवर समोरासमोर ठेवले. क्लचप्लेट गजानं मध्यावर आणली, शाफ्टच्या खाचांना चिमूटभर ग्रीस लावलं, गिअरबॉक्स सरकवला. बोटभर फट राहिली आणि तो अडला. बोल्ट बाजूच्या ट्रेमध्ये होते. मी गिअर टाकला आणि बाजूचा फ्लँज दोन्ही हातांनी अगदी थोडा फिरवला, खांद्यानं केसला आधार देत. अजून थोडा. खाच खाचेला सापडली आणि गिअरबॉक्स आपल्याच वजनानं पुढे जाऊन इंजिनाला टेकला.